बाईसाहेबांचा डावा हात

४ जून

मावशीला टाचणीचा नमस्कार, पोटात एक मतलब ठेवून.

मतलब आधीच सांगून टाकते. नाहीतर पहिली ओळ वाचूनच तू म्हणशील की पोरीला काहीतरी शिवून हवंय. तर हो, शिवून हवंय. पण झगा नको. कातडी हवी आहे, माणसाची.

आमच्या शाळेतली मुलं बोटांनी शिकतात हे तुला माहीत आहे. डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे फळ्यावर मी कितीही सुबक आकृती काढली तरी ती फक्त मलाच दिसते. डिसेंबरात शाळेचं प्रदर्शन आहे. प्रत्येक शिक्षिकेने हात लावून समजेल अशी एक वस्तू करायची आहे. मुख्याध्यापिकांनी मला विचारलं तेव्हा मी विचार करते म्हणणार होते. पण बाईसाहेबांनी पटकन सांगून टाकलं की त्वचेचं मॉडेल निम्मं तयार आहे.

बाईसाहेब अजून खिडकीतच उभ्या असतात ना? डोकं नाही, खांद्यापुढे हात नाहीत, खाली एक लाकडी खुंट, आणि तरीही काय ती ऐट. सहा वर्षांची असताना मी तुझी बटणांची बरणी फोडली आणि तुझ्या त्या शिवणाच्या पुतळ्याकडे बोट दाखवून म्हणाले, बाईसाहेबांनी फोडली. तू मला सोडून त्यांनाच फैलावर घेतलंस, की हात नसताना बरण्या फोडता, लाज नाही वाटत? तेव्हापासून आपल्या दोघींचं जे स्वतःच्या नावावर सांगवत नाही ते बाईसाहेबांच्या नावावर जातं. तेव्हा खोटं त्या बोलल्यात आणि निस्तरायचं तुला आहे.

काम सोपं आहे. एका लहान गादीएवढा त्वचेचा तुकडा, शंभरपट मोठा केलेला. वरचा थर पातळ आणि मेलेल्या पेशींचा, माशाच्या खवल्यांसारखा एकावर एक. त्याखाली जाड जिवंत थर. त्यात केसांची मुळं, घामाच्या गुंडाळलेल्या नळ्या, रक्तवाहिन्या, आणि स्पर्श कळणाऱ्या नसांची टोकं. सगळ्यांत खाली चरबी, म्हणजे कापूस. तुझ्या भाषेत वरचं कापड, अस्तर आणि भरण.

तुझी
टाचणी

१५ जून

टाचणे, आशीर्वाद. मतलब पोचला.

हे ज्याने कोणी बेतलं त्या शिंप्याला मला एकदा भेटायचं आहे. वरचं कापड झिजून झिजून पडतं आणि खालून महिन्याभरात नवं तयार होऊन वर येतं, असं तू सोबतच्या कागदावर लिहिलंस. असं कापड बाजारात आलं तर माझं दुकान त्याच दिवशी बंद. टाचेला जाड, पापणीला तलम, कोपराला घडी पडेल इतकं सैल, आणि एवढ्या फरकात एकही शिवण नाही. चाळीस वर्षं मशीन चालवते आहे, मला बाहीसुद्धा शिवणीशिवाय लावता आलेली नाही. शिवाय पाणी आत जाऊ देत नाही आणि घाम मात्र बाहेर सोडतं. रेनकोट शिवणाऱ्यांनी तुझ्या वर्गात येऊन बसावं.

वरच्या थराचा आणि लव असलेल्या भागाचा नमुना पाठवते आहे. खवल्यांना कडक, झिरझिरीत ऑर्गंडी वापरली आहे आणि लव म्हणून मखमल. घामाच्या नळीला बुटाची नाडी गुंडाळली आहे. मुलांना दाखव, म्हणजे हाती दे, आणि काय म्हणतात ते कळव. पत्रानेच कळव. फोन नको. माझ्या दुकानात बोललेलं समोरच्या घड्याळजींना ऐकू जातं, आणि घड्याळजी बहिरे असते तरी त्यांची गिऱ्हाईकं नाहीत.

एक विचारायचं होतं, मॉडेलसाठीच. आपल्या बाईसाहेबांच्या डाव्या कोपराखाली एक डाग पडला आहे. बाटलीच्या झाकणाएवढा, आजूबाजूच्या रंगापेक्षा फिका. खाजत नाही, दुखत नाही. मी गंमत म्हणून त्यात सुई टोचून पाहिली तर बाईसाहेब ढिम्म. डोळेसुद्धा मिटले नाहीत. असा डाग मॉडेलमध्ये घ्यायचा का? आणि तो असतो कशामुळे? अगदी घाई नाही. पण सवडीने विसरून जाऊ नकोस.

मावशी

२४ जून

मावशी,

तुझं पत्र मी स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं. बाईसाहेबांनी डोळेसुद्धा मिटले नाहीत या वाक्याला दोघींना ठसका लागला. डोकं असतं तर मिटले असते बिचारीने. आणि लाकडाला सुई टोचल्याचं कळायचं कुठून?

कळण्याचं खातं जिवंत थरात असतं. तिथे नसांची बारीक टोकं पेरलेली असतात, आणि कामं वाटून घेतलेली. एक हलका स्पर्श ओळखतं, एक दाब, एक थरथर, काही गरम, काही गार, आणि बरीच नुसती दुखणं ओळखतात. बोटांच्या टोकांना त्यांची दाटी, पाठीवर तुरळक. म्हणून पाठीवर कोणी दोन टाचण्या जवळ जवळ लावल्या तरी एकच वाटते. माझे विद्यार्थी पाठीने वाचू शकत नाहीत ते यामुळे. डाग मॉडेलमध्ये नको, उगाच मुलांचा गोंधळ होईल.

आता निकाल ऐक. आमच्या वर्गात एक मुलगी आहे, तिला सगळे न्यायाधीश म्हणतात. प्रत्येक वस्तू तिच्या हाताखालून गेल्याशिवाय वर्गात मान्य होत नाही. खवले तिला आवडले. बुटाची नाडी तिने ओळखली आणि माफ केली. मग मखमलीवर बोटं फिरवून म्हणाली, "ही लव उलटी लावली आहे. तुमच्या मावशी हातमोजे घालून शिवतात का?"

मी पाहिलं तर खरंच उलटी. दोन तुकडे सुलट आणि दोन उलटे. मी पोरांना सांगितलं की माझ्या मावशीने तुमची परीक्षा घेतली. दिवे गेले तरी पॉपलीन कुठलं आणि सॅटिन कुठलं हे ती चिमटीत धरून सांगते, तिच्याकडून मखमल उलटी जाईल होय? न्यायाधीश खूश झाल्या. तूही लबाडच आहेस.

जाता जाता, परवा मुख्याध्यापिका मॉडेल बघायचं म्हणाल्या तेव्हा बाईसाहेबांच्या तळहातांना दरदरून घाम सुटला. लवकर शीव.

टाचणी

८ जुलै

टाचणीस,

परीक्षाच होती. मुलांना शंभर पैकी शंभर. लव सुलट करून पाठवते आहे, न्यायाधीशांना म्हणावं गुन्हा कबूल.

स्टाफरूममध्ये ठसका लागला हे वाचून आनंद झाला. म्हाताऱ्या मावशीची पत्रं कोणाच्या तरी कामाला येतात. माझ्या प्रश्नाचं उत्तर तेवढं ठसक्यात राहून गेलं. पण असू दे, डाग लाकडाचाच होता.

इथे उकाड्याने जीव जातो आहे. काल दुपारी बाईसाहेब घामाने निथळत होत्या. मान, पाठ, हात, सगळं ओलं. तो डाग मात्र कोरडा ठणठणीत, इस्त्री केल्यासारखा. त्यावरचे केसही झडले आहेत. इस्त्रीवरून आठवलं. गेल्या आठवड्यात त्यांच्या डाव्या करंगळीला इस्त्री लागली. लागली ते त्यांना कळलंच नाही. आधी वास आला. त्यांना वाटलं कोणाची तरी विजार जळली, म्हणून विजार उचलून बघत राहिल्या. तेवढ्यात फोड आला होता.

घड्याळजी चार वाजता चहा आणतात, पंधरा वर्षांचा नेम आहे. बाईसाहेबांनी आता स्वतःचा कप ठेवला आहे, वेगळा, निळ्या काठाचा. उगाच दुसऱ्याच्या कपाला तोंड कशाला लावा.

लहानपणी आमच्या गल्लीच्या टोकाला एक बाई राहायची. तिच्या घरावरून जाताना आई आमचा हात घट्ट धरायची आणि चालण्याचा वेग वाढवायची. तिच्या रोगाचं नाव मोठी माणसं 'महा' लावून घ्यायची, तेही हळू आवाजात. ते नाव बाईसाहेबांना ऐकवू नकोस. त्यांचा डावा हात कापड धरायचा आहे. तो गेला तर उजव्याने नुसतं मशीन फिरवून काय शिवायचं, हवा? आणि ते नाव बाजारात गेलं तर माप द्यायला त्यांच्या हाताखाली कोण उभं राहील?

मॉडेलचं अस्तर झालं. तू बरी आहेस ना?

मावशी

११ जुलै

बाईसाहेबांना सविनय नमस्कार.

हे पत्र मावशीला दाखवू नये. ती फार हुशार आहे आणि तिची भाची बिनडोक. डोक्याच्या बाबतीत आपण आणि मी आता एकाच माळेतल्या. काल मी मावशीचं पत्र पुन्हा स्टाफरूममध्ये वाचायला घेतलं. करंगळीपर्यंत आले आणि थांबले. बाकीच्या पुढे वाच म्हणाल्या. अक्षर लागत नाही असं सांगून मी पत्र मिटलं आणि भांड्यांच्या कपाटाकडे तोंड करून उभी राहिले.

आपल्याला कोपर नाही, बाईसाहेब. करंगळी नाही. घाम येत नाही. हे मला सहाव्या वर्षापासून ठाऊक आहे, आणि तरी मी त्यावर हसले. मीच आपल्याला तळहात बहाल केले होते, म्हणून असेल. मला फार लाज वाटते आहे.

आता कामाचं. डाग फिका, तिथे टोचलेलं कळत नाही, घाम नाही, केस नाहीत. म्हणजे त्वचेच्या त्या तुकड्याने सगळ्या कामांवर एकदम संप पुकारलाय. संप त्वचेचा नाही, तिच्यातल्या नसांचा आहे. करंगळीही त्याच संपात सामील झालेली दिसते. डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय मी छातीठोक काही सांगणार नाही, पण आपल्याला ज्या नावाची भीती वाटते तोच रोग असण्याचा संभव आहे. त्याचं नाव कुष्ठरोग. त्यात 'महा' काही नाही. एक जंतू आहे, तोही आळशी, वाढायला वर्षं घेतो. गोळ्यांनी मरतो. गोळ्या सुरू झाल्या की थोड्याच दिवसांत दुसऱ्याला लागण होण्याची भीती जाते. कपाने तो पसरत नाही, तेव्हा निळ्या काठाचा कप मावशीच्या डोक्यात फोडावा.

पण नसेला वाट पाहायला आवडत नाही. आज जेवढी शाबूत आहे तेवढी वाचते. उद्याचं कोणी सांगू शकत नाही. तुमच्याच भागात, मोठ्या दवाखान्याच्या मागच्या बाजूला, त्वचेचा विभाग आहे. सोमवार ते शुक्रवार सकाळी दहा ते एक. आपल्याला पाय नाहीत याची कल्पना आहे, म्हणून सोबत मावशीला न्यावं.

येत्या शुक्रवारपर्यंत गेला नाहीत तर शनिवारी मी येते, आपल्याला खांद्यावर टाकते आणि भर बाजारातून वाजत गाजत दवाखान्यात नेते. मी हे करीन हे मावशीला विचारा.

आपली
टाचणी

२२ जुलै

टाचणीस बाईसाहेबांचा आशीर्वाद, हस्ते मावशी.

गेलो. शुक्रवारी, एकला पाच मिनिटं कमी असताना, म्हणजे बंद झालं असेल तर बरं या हिशोबाने. बंद नव्हतं.

डॉक्टरीणबाई तुझ्याएवढी पोरगी आहे. नाव विचारल्यावर बाईसाहेबांनी बाईसाहेब सांगितलं. तिने पेन खाली ठेवलं आणि वाट पाहत बसली. शेवटी कागदावर माझं नाव घालावं लागलं, लाकडाला गोळ्या देत नाहीत म्हणे. मग तिने डोळे मिटायला सांगितले. हातावर कापसाचं टोक लावीन, लागलं की लागलं म्हणायचं. बाईसाहेबांनी दर खेपेला लागलं म्हटलं. चांगलं चाललं होतं. शेवटी ती म्हणाली, "आजी, शेवटचे चार वेळा मी हात लावलाच नव्हता."

मला आजी म्हणाली. रोगापेक्षा ते जास्त लागलं.

कोपराच्या मागे नस असते ना, चुकून आपटली की झिणझिण्या येतात ती. तिने ती बोटांनी चाचपली आणि माझी बोटंही तिथे ठेवली. दोरीसारखी जाड झाली आहे. उजवीकडची बारीक, धाग्यासारखी. इतका फरक माझ्याच हातात होता आणि मी लोकांच्या हातांची मापं घेत होते. नावावर शिक्का बसला आहे, तुझंच खरं निघालं. करंगळीची आणि शेजारच्या अर्ध्या बोटाची जाणीव गेली आहे. परत येईल की नाही ते तिला सांगता येत नाही. अंगठा आणि पुढची दोन बोटं शाबूत आहेत आणि गोळ्या चुकवल्या नाहीत तर तशीच राहतील, असं वाटतं म्हणाली. मला तिच्याकडून 'वाटतं' काढून घ्यायचं होतं. नाही दिलं.

वर्षभराचा कोर्स आहे. पहिल्या गोळ्यांनी लघवी लाल होते, हे तिने तीनदा सांगितलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मी, म्हणजे बाईसाहेब, मोरीत किंचाळल्या. घड्याळजी खालून ओरडले की काय झालं. झुरळ, म्हणून सांगितलं. ते झाडू घेऊन वर आले आणि अर्धा तास झुरळ शोधत बसले.

येताना वाटेत बाईसाहेब रडल्या. गल्लीच्या टोकाच्या त्या बाईसाठी जास्त रडल्या. तिला गोळ्या मिळाल्या असत्या तर आईने आमचा हात तेवढा घट्ट धरला नसता.

घरात कोणाला सांगू नकोस. तुझ्या आईलाही नाही. ती बहीण आहे, पण बहीण म्हणजे अर्धा बाजार.

बाईसाहेब
(सही मावशीची)

६ ऑगस्ट

मावशी, आणि मावशीच्या बाईसाहेब,

झुरळाचं वाचून मी रडता रडता हसले. आईला सांगितलं नाही. सांगण्याच्या बेतात मी दोनदा आले, दोन्ही वेळा तोंडात बिस्किट कोंबलं.

रोज संध्याकाळी दिव्याखाली डावा हात उलटा सुलटा करून बघायचा. ज्या बोटाला कळत नाही त्याच्या वतीने डोळ्यांनी बघायचं, माझ्या मुलांच्या अगदी उलट. सुई टोचू नये म्हणून बोटात घालतेस ते अंगुस्तान डाव्या करंगळीतही घाल. इस्त्रीच्या मुठीला जाड कापड गुंडाळ. तेल लाव, कारण तिथे घाम नाही म्हणजे कातडी कोरडी पडून भेगाळेल.

आता एक मागणं. मागच्या वेळी मी लिहिलं होतं की डाग मॉडेलमध्ये नको. चुकलं. हवा आहे. लव नसलेला, नाडी नसलेला, खाली नसांची टोकं नसलेला एक गुळगुळीत गोल. बोट फिरवता फिरवता मुलांना एकदम जाणवलं पाहिजे की इथे काहीच नाही. प्रदर्शनाला शेकडो माणसं येतील. त्यांतल्या एखाद्याच्या अंगावर असा डाग असेल आणि त्यानेही तो कोणाच्या तरी नावावर टाकला असेल.

टाचणी

१४ ऑगस्ट

डाग मिळणार नाही. बाईसाहेबांना चव्हाट्यावर उभं करायला मी त्यांना वाढवलेलं नाही. बाकी मॉडेल वेळेवर मिळेल.

मावशी

२० ऑगस्ट

बरं. डाग नाही. विचारल्याबद्दल रागावू नकोस. गोळ्या घेते आहेस ना, एवढंच कळव.

टाचणी

९ ऑक्टोबर

टाचणीस आशीर्वाद.

गोळ्या घेते आहे. एकही चुकली नाही. रंग थोडा काळवंडला आहे, गोळ्यांमुळेच, नंतर जातो असं डॉक्टरीणबाई म्हणाली. एक गिऱ्हाईक विचारत होतं की समुद्राकाठी जाऊन आलात का. हो म्हटलं, आणि समुद्राचं अर्धा तास वर्णन केलं. मी समुद्र पाहिलेला नाही.

मॉडेल पाठवते आहे. चरबीसाठी दोन जुन्या उशा मोडल्या. केसांना ब्रशचे केस आहेत, ओढून बघा म्हणावं, निघत नाहीत. प्रत्येक केसाच्या बुडाशी इलास्टिकचा तुकडा लावला आहे. बाजूचा दोरा खेचला की सगळे केस एकदम उभे राहतात. अंगावर काटा येतो तो असा, असं तूच लिहिलं होतंस. मी स्वतः चार वेळा खेचून पाहिला.

परवा घड्याळजींनी नवे कप आणले, सहाचा संच. म्हणाले, जुन्या कपाला टवका गेला होता म्हणून तुम्ही तुमचा वेगळा ठेवलात, हे मला उशिरा लक्षात आलं, क्षमा असावी. तीन महिने तो माणूस स्वतःच्या कपाला दोष देत होता. मला इतकं वाईट वाटलं की मी त्या दिवशी दोन कप चहा प्याले. त्यांच्याच कपातून. खरं कारण सांगायला तोंड उघडलं आणि साखर कमी आहे एवढंच बोलले.

वेगळ्या पुडक्यात एक गोल तुकडा आहे. रेक्झिनचा. डाव्या बाजूला, केसांच्या वरून तिसऱ्या रांगेपाशी मी जागा सोडली आहे, तिथे तो बसवायचा. कडेला बारीक टाके घाल, धावदोरा नको. नाव कोणाचं लिहू नकोस.

मावशी

१९ डिसेंबर

टाचणे,

प्रदर्शन संपताना तू मला विचारलंस की डोळे का लाल आहेत, आणि मी धूळ म्हटलं. धूळ नव्हती. तुझ्या भोवती मुख्याध्यापिका होत्या, पालक होते, आणि न्यायाधीश लोकांना दोरा खेचू देण्याआधी प्रत्येकाला रांगेत उभं करत होत्या. म्हणून तिथे बोलले नाही. आता लिहिते.

दुपारी तू जेवायला गेलीस तेव्हा मी मॉडेलपाशी खुर्ची टाकून बसले होते. लोक यायचे, केस उभे करायचे, हसायचे, जायचे. एक बाई आली. तिशीची असेल. एवढ्या गर्दीच्या उकाड्यात बाह्या मनगटापर्यंत, आणि उजव्या बाहीचं बटण घट्ट. बाही तिच्या मापाची नव्हती, मुद्दाम लांब शिवून घेतलेली होती. मला बाकी काही कळो न कळो, बाही कळते. ती डागावर आली आणि थांबली. पुढे गेली, परत आली. असं तीनदा.

मग मला विचारलं, इथे काहीच लागत नाही, असं खरंच असतं का. मी म्हटलं असतं. तिने आजूबाजूला पाहिलं आणि म्हणाली, तिच्या नणंदेला असा एक आहे. नणंद कुठे असते विचारलं, तर म्हणाली लांब. कुठल्या हाताला विचारलं, तर डाव्या म्हणाली, आणि उजवा हात पाठीमागे घेतला.

चोराच्या वाटा चोराला ठाऊक. मी बाईसाहेबांचं नाव घ्यायला तोंड उघडलं होतं. आमच्याकडेही एक बाई आहेत, असं छान सुरू करणार होते. म्हणजे तिची नणंद आणि माझ्या बाईसाहेब एकमेकींशी बोलत बसल्या असत्या, आणि आम्ही दोघी आपापल्या घरी गेलो असतो. तिच्या नणंदेला गोळ्या मिळाल्या असत्या, तिला नाही.

तेवढ्यात माझ्यासोबत प्रदर्शनाला आलेले घड्याळजी माझ्यासाठी पाणी घेऊन आले. आमच्या दोघींच्या मध्येच उभे राहिले. ते जाईपर्यंत थांबले असते तर ती बाई गेली असती. मी त्यांच्यासमोरच डावी बाही कोपरापर्यंत वर केली.

मी म्हटलं, "नणंदेला राहू दे, बाई. हा माझा आहे. हात लावून बघ."

घड्याळजी पेला धरून तसेच उभे राहिले. त्या बाईने माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग दाराकडे, मग पुन्हा हाताकडे. मग तिने दोन बोटं डागावर ठेवली. डागाला काही कळलं नाही, त्याला कळत नाहीच. पण तिची बोटं कडेला सरकली ते शेजारच्या कातडीला बरोबर कळलं.

घड्याळजींनी पेला माझ्या हातात दिला. खाली वाकून डाग जवळून पाहिला, ते घड्याळ पाहतात तसा. म्हणाले, म्हणजे कपाला टवका गेला म्हणून नव्हतं. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, बरं झालं सांगितलंत, मी कप विकणाऱ्या दुकानदाराशी भांडून आलो होतो.

सोमवारी दहा वाजता दवाखान्याच्या मागच्या दाराशी भेटायचं ठरलं आहे. तिला बजावलं आहे की एकला पाच कमी असताना येऊ नकोस, आणि नणंदेला आणू नकोस.

मावशी